आगबोटीवरची पंगत

श्रोते हो, आज जे सांगणार आहे त्याची सुरुवात मुलुंडला, आमच्या इमारतीच्या जिन्यात झाली. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त गुरुजी राहतात. उभा जन्म प्राथमिक शाळेत गेला. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून मुलाने आईवडिलांसाठी आगबोटीच्या सहलीची तिकिटे काढली. अशा सहलीला हल्ली 'क्रूझ' म्हणतात. पूर्वीची आगबोट माणसाला एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवण्यासाठी निघत असे. ही बोट निघते ती केवळ हिंडण्यासाठी. बोटीवर राहायचे, खायचेप्यायचे, करमणूक पाहायची आणि चार दिवसांनी घरी परत यायचे.

तिकिटांच्या मागोमाग सूचनांचे कागद आले. गुरुजी ते घेऊन माझ्याकडे आले. कागदांत लिहिले होते की बोटीवर अनेक भोजनगृहे आहेत, तेव्हा कोणत्या संध्याकाळी कुठे जेवणार ते आधी कळवून टेबल राखून ठेवावे. एका संध्याकाळीपुढे 'फॉर्मल नाइट' असे शब्द होते. त्या रात्री मोठ्या भोजनगृहात पुरुषांनी सूट-टाय घालून आणि स्त्रियांनी समारंभाचा पोशाख करून यावे, अशी अपेक्षा होती.

गुरुजींनी चष्मा पुसत विचारले, "सर, कोट नसला तर जेवायला वाढत नाहीत की काय?"

मागे काकू उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "यांना जाऊ दे हॉलमध्ये. मी आपली खोलीतच दशम्या खाईन. त्या काट्याचमच्यांत मला नाही जमायचं."

मला हसू आले नाही. मी इतिहासाचा मास्तर. काकूंचे ते वाक्य ऐकले आणि मला मुंबईच्या बंदरातून निघालेला एक अठरा वर्षांचा मुलगा आठवला. त्यानेही नेमके हेच केले होते. भोजनगृहात वाढलेल्या टेबलाकडे पाठ फिरवून तो आपल्या खोलीत बसला आणि घरून आणलेली मिठाई खात राहिला. तो कोण, ते पुढे सांगतो. पण त्याआधी समुद्रावरच्या जेवणाचा प्रश्न आपल्याकडे एवढा अवघड का झाला, ते पाहिले पाहिजे.

आता बघा, पंगत आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. गावातले लग्न असो, सप्ता असो की श्राद्ध असो, पंगत आली की नियम आले. पान कुठे मांडायचे, कोणी कोणाशेजारी बसायचे, आधी कोणाला वाढायचे, आणि वाढणारा कोण, हे सगळे ठरलेले. पूर्वी कित्येक घरांत सोवळे नेसल्याशिवाय पाटावर बसता येत नसे. अंगावरचा धुतलेला सदरासुद्धा काढून ठेवावा लागे. आणि काहींना तर पंगतीत पानच मिळत नसे. त्यांनी अंगणाबाहेर थांबायचे आणि उरलेले घेऊन जायचे. तेव्हा पंगत नुसती पोट भरत नव्हती. तुम्ही कोण आहात, हे ती चारचौघांत सांगत होती.

अशा समाजातल्या माणसाला समुद्रावर जाणे म्हणजे पंगत मोडणे वाटले, यात नवल नाही. समुद्रपर्यटन हे धर्मशास्त्रातल्या कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात करू नये अशा गोष्टींत, घातले गेले होते. त्याला शास्त्राधार किती आणि अर्थ कोणता, यावर पंडितांनी पुष्कळ वाद घातले. पण सामान्य माणसापुढची अडचण साधी होती. बोटीवर स्वयंपाक कोण करणार? पाणी कोणाच्या हातचे? शेजारी कोण बसणार? आणि परत आल्यावर आपल्या पंगतीत पान मांडतील काय?

याचे एक जुने उदाहरण पेशवाईतले आहे. राघोबादादांनी आपली बाजू मांडण्यासाठी विलायतेला वकील पाठवले होते. हणमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ त्यांत होते आणि त्यांच्याबरोबर मणियार नावाचे पारशी गृहस्थ होते. ही मंडळी 1781 मध्ये इंग्लंडात होती. परक्या मुलखात आपल्या आचाराप्रमाणे स्वयंपाक करून जेवायचे कुठे, अशी त्यांची अडचण झाली. तेव्हा एडमंड बर्क या नामवंत पार्लमेंट-सभासदाने त्यांना आपल्या गावच्या घरी नेले आणि बागेतले काचघर, म्हणजे झाडे ठेवण्याची काचेची खोली, त्यांच्या चुलीसाठी मोकळी करून दिली. विचार करा, श्रोते हो. घरमालक परका, घर परक्याचे. पण पाहुण्याने काय खावे हे त्याने पाहुण्यावरच सोपवले. त्यामुळे पाहुण्याचाही आचार राहिला आणि यजमानाचाही मान राहिला.

पण घरी परतल्यावर काय झाले? कंपनीच्या नोकरीतल्या विल्फर्ड नावाच्या अभ्यासकाने नोंद करून ठेवली आहे, की या वकिलांना परत जातीत घेण्यासाठी सोन्याची योनिप्रतिमा घडवण्यात आली आणि तीतून बाहेर काढून त्यांचा जणू नवा जन्म करण्यात आला. धन्यासाठी गेलेल्या माणसाला परत येण्यासाठी पुन्हा जन्म घ्यावा लागला. एवढी मोठी किंमत त्या काळी होती.

पुढे वाफेच्या बोटी आल्या. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालण्याचे कारण उरले नाही. मुंबई हे हिंदुस्थानचे दार झाले. इंग्रज अंमलदार, व्यापारी, सैनिक आणि हळूहळू आपले विद्यार्थी याच दारातून जाऊ-येऊ लागले. या वाहतुकीत पी. अँड ओ. ही इंग्रज कंपनी अग्रेसर होती. मुंबईहून विलायतेला पोचायला तीन-साडेतीन आठवडे लागत. एवढे दिवस बोट हेच गाव आणि भोजनगृह हीच त्या गावची चावडी.

त्या चावडीचेही नियम होते, बरं का. बोटीवर चढल्यावर पहिल्याच दिवशी टेबलावरची जागा ठरायची आणि बहुधा ती अखेरपर्यंत तीच राहायची. कप्तानाच्या टेबलाशी जागा मिळणे हा मोठा मान. जेवणाची वेळ घंटेने किंवा बिगुलाने पुकारली जाई. प्रवासी जास्त असले तर दोन पाळ्या, आपल्याकडे पहिली आणि दुसरी पंगत असते तशा. पहिल्या वर्गात रात्रीच्या जेवणाला ठराविक पोशाख करून येण्याचा शिरस्ता होता. मात्र पहिल्या रात्री तो नियम कोणी पाळत नसे, कारण पेट्या अजून उघडलेल्या नसत.

हे वर्णन वाचताना मला नेहमी वाटते, की हेही एक सोवळेच आहे. आपल्याकडे सदरा काढून पंगतीला बसत, तिकडे कोट चढवून बसत. आपल्याकडे उजव्या हाताचा नियम, तिकडे कोणता काटा कोणत्या पदार्थाला याचा नियम. ज्याला नियम ठाऊक तो आतला, ज्याला ठाऊक नाही तो बाहेरचा. सोवळ्याचे कापड तेवढे बदलले.

आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण आमच्या कोकणातल्या श्रोत्यांच्या ती घरातली आहे. या टेबलांवर बसणारे साहेब असले, तरी बोट चालवणारे आणि वाढणारे हात पुष्कळदा आपल्याच किनाऱ्यावरचे होते. रत्नागिरीकडचे कितीतरी मुसलमान खलाशी या बोटींवर होते. त्यांच्या मुकादमाला सारंग म्हणत, त्याच्या हाताखाली टांडेल असे, आणि खलाशांचा स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणत. प्रवाशांच्या भोजनगृहात आणि मुदपाकखान्यात गोव्याची माणसे मोठ्या संख्येने असत. बोटीवरून उतरून पुढची बोट मिळेपर्यंत हे गोवेकरी मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या 'कूड' नावाच्या बिऱ्हाडांत राहत. म्हणजे विलायती पंगतीचे वाढपी आपल्याच शेजारचे होते. मात्र वाढणाऱ्याला त्या टेबलाशी बसता येत नव्हते.

आता दोन प्रवासांच्या गोष्टी एकापुढे एक ठेवतो. दोन्ही पाच वर्षांच्या अंतरातल्या.

पहिली गोष्ट आनंदीबाई जोशी यांची. आनंदीबाईंचा जन्म 1865 मधला आणि घराणे कल्याणचे. आमच्या मुलुंडहून आगगाडीने गेले तर ते गाव किती जवळ! वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेला जाण्याचे या मुलीने ठरवले. नवरा बरोबर येणार नव्हता. लोकांनी काय काय बोलावे! तेव्हा 1883 च्या फेब्रुवारीत, बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात, तिने भर सभेत उत्तर दिले. आपण का जात आहोत, एकटी का जात आहोत, परत आल्यावर बहिष्कार पडेल त्याचे काय, असे एकेक प्रश्न तिने स्वतःच उभे केले आणि एकेकाचा निकाल लावला. त्यांत अन्न आणि वस्त्र यांचाही प्रश्न होता. आपण येथे राहतो तशाच तेथे राहू, खाण्यात आणि पोशाखात बदल करणार नाही, असे तिने सांगितले. एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून बोटीने निघाली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. वय होते अठरा.

त्या निश्चयाचा कोणी काही अर्थ लावो. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बोटीवर पाय ठेवण्याआधीच, आपण काय खाणार आणि काय नेसणार हे या मुलीने मोठ्याने सांगून टाकले होते. लपवाछपवी नाही, संकोच नाही. 1886 च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती मुंबईला परतली ती क्षयाने खंगून, आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात तिचा अंत झाला. आपल्या समाजाला तिची सेवा घेता आली नाही.

दुसरी गोष्ट 1888 ची. काठेवाडातला एक वाणी समाजातला मुलगा बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघाला. मुंबईत बोटीची वाट पाहत असताना जातीची सभा भरली. शेठजींनी त्याला बजावले, विलायतेला जाऊन धर्म राहत नाही, तिथे खाणेपिणे बाटते. मुलाने सांगितले, मी मद्य, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही अशी आईपाशी शपथ घेतली आहे. शेठजींना ते पटले नाही. त्यांनी त्याला जातीबाहेर टाकले, आणि जो कोणी त्याला मदत करील किंवा धक्क्यावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरवला. 4 सप्टेंबर 1888 रोजी 'क्लाइड' बोटीने तो मुलगा मुंबई सोडून गेला. तुम्ही ओळखलेच असेल. तो मुलगा म्हणजे मोहनदास गांधी.

गांधीजींनी आपल्या आत्मकथेत या प्रवासाबद्दल मोकळेपणी लिहिले आहे. काटेसुरी कशी धरायची ते त्यांना ठाऊक नव्हते. ताटातल्या कोणत्या पदार्थात मांस नाही, हे वाढप्याला विचारण्याचा धीर होत नव्हता. म्हणून ते भोजनगृहात गेलेच नाहीत. घरून आणलेली मिठाई आणि फळे यांवर मुख्यतः त्यांनी दिवस काढले, तेही खोलीत बसून. जुनागढचे एक वकील त्यांच्या सोबतीला होते. ते बिनदिक्कत सर्वांत मिसळत आणि या मुलालाही मिसळायला सांगत. पण लाज जात नव्हती.

कपड्यांचेही तसेच झाले. बोटीवर त्यांनी काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायचा म्हणून जपून ठेवला. उतरले तेव्हा सप्टेंबर सरत आला होता. पाहतात तो काय, पांढऱ्या कपड्यांत आपण एकटेच! बाकीचे कपडे पेट्यांत, पेट्या किल्ल्यांसकट एजंटाच्या ताब्यात, आणि दुसरा दिवस रविवार. म्हणजे तोवर तसेच अवघडून हिंडायचे.

श्रोते हो, ही गोष्ट केवळ गमतीची नाही. या मुलाच्या मागे जातीने दार लावले होते. तिने सांगितले, तू आमच्या पंगतीतला नाहीस. आणि पुढचे दार उघडे असून त्याला आत जाता येत नव्हते. दोन्ही पंगतींच्या मधोमध तो एकटा मिठाई खात बसला होता. परत आल्यावर 1891 मध्ये थोरल्या भावाने त्यांना आपल्या नाशिकला आणून गोदावरीत स्नान घातले आणि राजकोटला जातीला जेवण दिले. पंगतीने बाहेर काढले आणि पंगत घालूनच परत घेतले. तेही सर्वांनी नाही. जातीतला एक गट अखेरपर्यंत दूरच राहिला.

याच सुमारास, 1890 मध्ये, पुण्यात पंचहौद मिशनच्या चहाचे प्रकरण घडले. मिशनऱ्यांच्या घरी व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी प्याले, कोणी नुसता पेला हातात घेतला. पुढे ती नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. प्रायश्चित्ताच्या प्रश्नावरून सारे पुणे दोन-तीन वर्षे ढवळून निघाले. आणि ही नावे प्रसिद्ध करणारे गृहस्थ कोण? आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी! समुद्र ओलांडायची गरजच नव्हती. एका पेलाभर चहाने पुण्यातल्या पुण्यात माणूस पंक्तीबाहेर जात होता.

ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी निराळा तोडगा काढला. 1902 मध्ये सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकाला जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग निघाले. त्यांनी 'ऑलिंपिया' नावाची सबंध नवी बोटच भाड्याने घेतली. बोटीवर देवघर केले. गंगाजल नेण्यासाठी चांदीचे प्रचंड घट घेतले. एकेका घटाचे वजन सुमारे 345 किलो आणि त्यात मावणारे पाणी सुमारे 4,000 लिटर. त्यांतले दोन घट आजही जयपूरच्या राजवाड्यात उभे आहेत. ही सगळी स्वारी आपल्या मुंबई बंदरातून गेली. आता याला तुम्ही थाट म्हणा, निष्ठा म्हणा. पण राजाला जमले ते कारकुनाच्या मुलाला कसे जमावे? स्वतःची पंगत बरोबर घेऊन समुद्रावर जाणे हा उपाय खजिन्याचा होता, लोकांचा नव्हता.

आणि ज्यांना गावातच पान नव्हते, त्यांचे काय? या प्रश्नाशिवाय आपली गोष्ट अपुरी राहील.

1901 मध्ये नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा भावंडांबरोबर सातारहून वडिलांना भेटायला कोरेगावकडे निघाला. मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने पुढे जायचे होते. मुले महार जातीची आहेत हे कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट पैसे देऊन गाडी मिळाली, ती मुलांनीच हाकायची. जेवणाचा डबा बरोबर होता, भरपूर होता. पण घोटभर पाणी कोणी देईना. पाण्यावाचून घास उतरेना, आणि भरल्या डब्यापाशी मुले उपाशी झोपली. भीमराव आंबेडकरांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

हाच मुलगा 1913 मध्ये मुंबईच्या धक्क्यावरून अमेरिकेला गेला. आणि 1930 च्या ऑक्टोबरात गोलमेज परिषदेसाठी डॉ. आंबेडकर 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने पुन्हा त्याच मुंबईतून निघाले. आगबोटीवर अन्याय नव्हता असे मी म्हणत नाही. तिथे वर्ग होते, गोऱ्या-काळ्याचा भेद होता, तळमजल्यावर घाम गाळणारे खलाशी होते. पण जागा ठरायची ती तिकिटावर. तुझी जात कोणती म्हणून पाण्याचा पेला मागे ओढणारा वाढपी तिथे नव्हता. एकासाठी समुद्र म्हणजे पंगत सुटणे होते. दुसऱ्यासाठी तो चारचौघांसारखे टेबलाशी बसणे होता. एकाच धक्क्यावरून निघालेल्या बोटीचे हे दोन अर्थ ध्यानात ठेवायला हवेत.

पुढच्याच वर्षी, 29 ऑगस्ट 1931 रोजी, गांधीजीही गोलमेज परिषदेला निघाले. 'राजपुताना' ही बोट, तिकीट दुसऱ्या वर्गाचे. त्रेचाळीस वर्षांपूर्वी खोलीत दडून बसलेला मुलगा आता पंचा नेसून उघड्या डेकवर सर्वांसमोर बसत होता. बरोबरच्या मंडळींनी गरजेपेक्षा जास्त सामान घेतले आहे हे लक्षात येताच त्यांनी जास्तीच्या पेट्या एडनहून परत पाठवल्या. त्याच पंचात ते लंडनला बादशहाच्या राजवाड्यातही जाऊन आले. काटेसुरीचे नियम बदलले नव्हते. माणूस बदलला होता. आपण काय खातो आणि काय नेसतो हे सांगायची त्याला आता लाज वाटत नव्हती.

यानंतर काळ झपाट्याने पालटला, आणि त्यात आमच्या उपनगरांचा हात आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचे विमान आणून अंधेरीजवळ जुहूच्या मैदानावर उतरवले. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला गेले. तीन आठवड्यांचा प्रवास दिवसा-दोन दिवसांवर आला. विलायतेच्या प्रवासी बोटी हळूहळू बंद पडल्या, आणि धक्क्यावर निरोप घेणारी मंडळी सांताक्रूझकडे वळली.

आता बोट पुन्हा आली आहे ती सहलीसाठी. 2021 मध्ये मुंबईहून 'कॉर्डेलिया' कंपनीच्या 'एम्प्रेस' या बोटीच्या फेऱ्या सुरू झाल्या. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडची कितीतरी कुटुंबे अशा सहलींना जातात. त्यांत शाकाहारी आणि जैन मंडळी मोठ्या संख्येने असतात, म्हणून कांदा-लसूण-बटाट्याशिवायच्या जेवणाचीही सोय अशा बोटीवर करावी लागते. ज्या प्रश्नावरून सव्वा रुपया दंड बसला होता, तो प्रश्न आता अर्जातल्या एका रकान्यात मावतो. मला तरी हा थोडाथोडका बदल वाटत नाही.

तेव्हा गुरुजींच्या कागदांकडे परत येऊ. ज्यांची मुले-नातवंडे कधी असे तिकीट काढतील, त्यांच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

बोटीवर सहसा दोन प्रकारची भोजनगृहे असतात. एक मोठे भोजनगृह, ज्याचे पैसे तिकिटातच आलेले असतात. तिथे काही बोटींवर ठरलेले टेबल आणि ठरलेली पाळी असते. लवकर जेवणाऱ्यांनी पहिली पाळी मागून घ्यावी. दुसरी म्हणजे खास पदार्थांची लहान भोजनगृहे. तिथे बहुधा वेगळे पैसे पडतात आणि जागा थोड्या असतात, म्हणून टेबल आधी राखावे लागते. हे राखताना सगळ्या प्रवासाचा कागद समोर घ्यावा. ज्या दिवशी बोट बंदराला लागते त्या दिवशी माणसे उन्हातून हिंडून दमून येतात. त्या संध्याकाळी लवकरची वेळ धरू नये. ज्या वेळी नाटक-गाणे पाहायचे आहे ती वेळ मोकळी ठेवावी. पहिल्या संध्याकाळी पुष्कळजण नवखे असतात आणि हाताने वाढून घेण्याच्या दालनात गर्दी करतात, म्हणून खास भोजनगृहात त्या दिवशी जागा मिळणे त्या मानाने सोपे जाते.

पोशाखाची रात्र बहुधा अशा दिवशी ठेवतात, की ज्या दिवशी बोट सबंध वेळ समुद्रातच असते, म्हणजे तयारीला सवड मिळते. पहिली रात्र ती सहसा नसते, कारण सामान खोलीत पोचायला वेळ लागतो. जुन्या बोटींचा शिरस्ता तुम्हांला आठवत असेलच. तरी जरुरीचे कपडे आणि औषधे हातातल्या पिशवीतच असावीत. त्या पांढऱ्या सुटाची गोष्ट विसरू नका! आणि कोट नसला तर? काही कंपन्यांच्या नियमांत आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाख चालतो असे स्पष्ट लिहिलेले असते. बंद गळ्याचा कोट किंवा चांगली साडी कुठल्याही समारंभात उणी पडत नाही. तेवढेही नको असेल, तर त्या रात्री साध्या कपड्यांत दुसऱ्या दालनात जेवता येते. उपाशी कोणी ठेवत नाही. मात्र घरचे शिजवलेले अन्न बोटीवर नेऊ देत नाहीत असा पुष्कळ कंपन्यांचा नियम आहे. म्हणून दशम्यांच्या भरवशावर राहू नये. आपण काय खातो, काय खात नाही, हे तिकीट काढतानाच लेखी कळवावे आणि बोटीवर गेल्यावर वाढणाऱ्या माणसाला पुन्हा सांगावे.

शिक्षक बंधुभगिनींना माझे एक सांगणे आहे. वर्गात गांधीजींची 'क्लाइड'ची गोष्ट सांगाल तेव्हा मसूरच्या बैलगाडीची गोष्टही सांगा. आणि मुलांना विचारा, तुमच्या गावातल्या पंगतीत अजून कोणाचे पान वेगळे मांडले जाते काय? शाळेत दुपारचा आहार वाटताना ओळीत कोणी कडेला बसते काय? उत्तर ऐकायला कठीण जाईल, पण विचारावे. विचारण्याचा धीर होत नव्हता म्हणून एक हुशार मुलगा भरल्या बोटीवर एकटा जेवत राहिला, हे आपण पाहिलेच आहे.

त्या संध्याकाळी मी, गुरुजी आणि काकू संगणकासमोर बसलो. अर्जातले रकाने भरता भरता मी ही सगळी हकिगत त्यांना सांगितली, तुम्हांला सांगितली तशीच. गुरुजींनी आपला निरोपसमारंभाचा बंद गळ्याचा कोट कपाटातून काढून ठेवायचे कबूल केले. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"लिहा," त्या म्हणाल्या. "अंडं नको, मासमच्छर नको. कांदा-लसूण चालेल. जेवण सात वाजता."

मी लिहिले.

"आणि हेही लिहा, सर. पानं दोन, पण एकाच टेबलावर."